वल्ह्याच्या टप्प्यातली सुरमई

दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या आसपास पहाटे किनाऱ्यावर गेलं, तर माणसं लांबट, अरुंद होड्या लाटांत ढकलताना दिसतात. फुटणाऱ्या लाटांच्या दोन-तीन रांगा वल्ही मारत ओलांडायच्या आणि खुल्या पाण्यात सुरमईच्या मागे लागायचं, हा तिथला जुना नाद आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर आणि आखातात फुजैराच्या बाजूलाही हेच चालतं. मासा तोच, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर रोज लिलावात उभा राहणारा. शास्त्रीय नाव स्कॉम्बेरोमोरस कॉमरसन. छंदाच्या मासेमारीचे विक्रम नोंदवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, आयजीएफए, १९३९ साली स्थापन झाली. तिच्या वहीत या जातीच्या ४४.९ किलोच्या एका सुरमईची नोंद आहे. ती १९८२ साली डर्बनच्या दक्षिणेला स्कॉटबर्गजवळ गळाला लागली होती.

रत्नागिरीला कयाक आता नवी नाही. खाडीच्या शांत पाण्यातून, कांदळवनांच्या कडेने पर्यटकांना फिरवणाऱ्या कयाक कोकणात ठिकठिकाणी दिसतात. गरवायला बसणारे तर पिढ्यान्‌पिढ्यांचे. मांडवीची जेटी, भगवती बंदर, मिऱ्याचा बंधारा, भाट्याचा पूल, जयगडकडचे कातळ या त्यांच्या ठरलेल्या जागा. पण जाणत्या मार्गदर्शकाबरोबर वल्ही मारत समुद्रात जायचं आणि दहा-वीस किलोचा मासा गळाला लावायचा, असा रुळलेला व्यवसाय या किनाऱ्यावर नाही. तो उभा राहू शकेल का, राहिला तर कुणाच्या हातात असावा, आणि समुद्र, कायदा व माणसं यांची त्याला कितपत साथ मिळेल, याचा हा आढावा.

ओढणारा मासा, ओढली जाणारी होडी

लहान होडी आणि मोठा मासा यांची झुंज मराठी वाचकाला हेमिंग्वेमुळे ठाऊक आहे. त्याची कादंबरिका पु. ल. देशपांडे यांनी १९६५ साली ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. म्हाताऱ्याच्या होडीला मार्लिन समुद्रात दूरवर ओढत नेतो, हा त्या गोष्टीचा कणा. कयाकवर नेमकं हेच घडतं, फक्त होडी आणखी हलकी असते. पाण्यातून चालण्याच्या वेगाने कयाक ओढायला दोन-तीन किलोंचा ताण पुरतो. दहा किलोची सुरमईसुद्धा पहिल्या झेपेत तेवढा ताण सहज देते, त्यामुळे गळ बसला की कयाक माशाच्या मागे चालू लागते.

नवख्याला हे भीतीचं वाटतं, पण खेळाची किल्ली यातच आहे. मोठ्या बोटीवर रिळाचा ब्रेक घट्ट करून मासा दमवावा लागतो. इथे होडीच ब्रेक होते. मासा जितकं अंतर तिला ओढतो तितका तो थकतो. अट एकच, माशाचं तोंड ज्या दिशेला, कयाकचं नाकही त्याच दिशेला हवं. दोरी आडवी आली, बसणारा तिच्याकडे झुकला आणि त्याच वेळी बाजूने लाट आली, की कयाक उलटायला क्षणभर पुरे.

हलक्या होडीवरून किती मोठा मासा आणता येतो, याची टोकाची उदाहरणं आहेत. २०१४ साली नॉर्वेत एका स्वीडिश गळकऱ्याने कयाकमधून ग्रीनलँड शार्क वर आणला. त्याचं वजन साडेपाचशे किलोंच्या पुढे असल्याचा अंदाज होता. अमेरिकेत केप कॉडच्या पाण्यात कयाकवरून ब्ल्यूफिन ट्यूना पकडला गेला आहे. हवाईत यलोफिन ट्यूना, पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मार्लिन आणि सेलफिश यांच्यासाठी मार्गदर्शकासह मोहिमा निघतात. नॉर्वेच्या त्या पराक्रमात सोबतीला बोटीवर अख्खी तुकडी होती. मोठ्या माशाच्या या खेळात एकट्याचं धाडस फोटोत दिसतं, आणि फोटोबाहेर बोट, तांडेल आणि दोन-चार सावध माणसं असतात.

रत्नागिरीचा तळ उथळ आहे

हवाई आणि पनामाच्या गोष्टी ऐकून रत्नागिरीत मार्लिनची स्वप्नं पाहणाऱ्याने आधी समुद्राचा नकाशा पाहावा. हवाईचा कोना किनारा ज्वालामुखीचा आहे. तिथे किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरमध्येच पाणी शेकडो मीटर खोल होतं. खोल समुद्रात फिरणारे मोठे मासे त्यामुळे वल्ह्याच्या टप्प्यात येतात. कोकणाची गोष्ट उलटी. भारताच्या पश्चिम किनाऱ्याला रुंद सागरी मंच आहे. रत्नागिरीसमोर तळ फार मंद उताराने खाली जातो, आणि खरी खोली सुरू होते ती किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्याही पलीकडे.

त्या कडेच्या बाजूलाच आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे बुडालेलं पठार विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आहे. सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद. त्याचा माथा पृष्ठभागाखाली वीस-पंचवीस मीटरवर येतो आणि त्यावर प्रवाळ आहे. मोठ्या माशांना अशी जागा हवीच असते. पण कयाकचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटर. तिथे जाणं हे मोठ्या जहाजाचं काम आहे, आणि प्रवाळाची ती जागा पर्यटकांच्या गळांपासून दूरच राहिलेली बरी. आंग्रिया बँकेचं नाव घेऊन कयाकच्या सहली विकल्या जाऊ नयेत.

मग हातात काय उरतं? पुष्कळ उरतं. मोठा मासा म्हणजे मार्लिनच, हा हट्ट सोडला की रत्नागिरीचा किनारा श्रीमंत आहे. पावसाळा संपून पाणी निवळू लागलं की बांगड्या-तारलीचे थवे किनाऱ्यालगत येतात आणि त्यांच्या मागे सुरमई येते. कुपा आणि गेदर थव्यांवर खालून तुटून पडतात. वर पक्ष्यांची झुंबड दिसली की खाली काय चाललंय ते गरवणाऱ्याला कळतं. खडकाळ तळावर तांबोशी, गोबरा, हेकरू. तरंगणाऱ्या ओंडक्याजवळ किंवा बोयाच्या सावलीत मोडसो. खाडीच्या मुखाशी, गढूळ आणि स्वच्छ पाणी मिळतं त्या पट्ट्यात चोणक आणि रावस. काजळी नदीचं भाट्याचं मुख, शास्त्रीचं जयगडचं, मुचकुंदीचं पूर्णगडचं, वाशिष्ठीचं दाभोळचं ही सगळी मुखं या दृष्टीने मोलाची.

पाच-सात किलोची सुरमई ही बोटीवरच्या माणसाला चांगला मासा वाटते. कयाकवर बसलेल्याला तीच आयुष्यभर आठवेल असा सामना देते. उथळ पाण्यात खाली जायला जागा नसल्याने ती सरळ रेषेत धावते आणि शंभर-दीडशे मीटर दोरी एका दमात रिळावरून नेते. रत्नागिरीची उथळ बाजू कयाकच्या खेळाला अशी फळतेही.

वारा, उधाण आणि वादळं

हंगाम ठरवताना पंचांगाइतकंच वाऱ्याचं वेळापत्रक पाहावं लागतं. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीबंदी असते. वल्ह्याच्या बिगरयांत्रिक होड्यांना या बंदीतून सूट आहे, पण त्या सवलतीचा फायदा घेऊन पावसाळ्यात कयाक बाहेर काढणं म्हणजे जिवाशी खेळ. नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघतात तेव्हाही समुद्र पुरता शांत झालेला नसतो. कयाकसाठी खरा काळ दिवाळीच्या पुढे सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चांगला चालतो. मार्चपासून दुपारचे वायव्येकडचे वारे जोर धरतात.

थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो कयाकला अलगद बाहेर नेतो, आणि नवख्याला वाटतं आपल्या हातात फार बळ आलं. दहा-अकरा वाजले की वारा पडतो, मग खारे वारे सुरू होतात. जाणता माणूस अकराच्या आत किनाऱ्याला लागतो. वारा बदलायच्या आधी परतणं हा इथल्या होडीवाल्यांचा जुना शिरस्ता, आणि कयाकला तो दुप्पट लागू. रुंद, उंच बैठकीच्या कयाकला पंधरा नॉटच्या समोरच्या वाऱ्यात वल्ही मारत परतणं धडधाकट माणसालाही झेपत नाही.

भरती-ओहोटीचंही तसंच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाड्यांच्या मुखातून ओहोटीचा ओढा जोरात बाहेर पडतो. आत येणारी लाट आणि बाहेर जाणारं पाणी यांची गाठ वाळूच्या दांड्यावर पडली की तिथे पाणी उभं राहतं. अनुभवी खलाशीही अशा वेळी भरतीची वाट पाहत बाहेर थांबतो. भांगाच्या दिवसांत पाणी शांत, ओढा कमी; शिकाऊ माणसाला हेच दिवस बरे.

आणि वादळं. अरबी समुद्र आता पूर्वीइतका निर्धास्त राहिलेला नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं, ऐन मासेमारीच्या हंगामात, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मच्छीमारांनी त्याची किंमत जिवाने मोजली. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार किनाऱ्यापासून दुरून गेलं तरी बोटी दिवसचे दिवस बंदरात अडकल्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं अख्खं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेने हाच किनारा झोडपला. यांतली दोन वादळं ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली आहेत, म्हणजे कयाकचा हंगाम उघडतो त्याच सुमाराची. हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या संध्याकाळी पाहिल्याशिवाय कुणीही कयाक पाण्यात लोटू नये.

उलांडीची होडी आणि कयाक

वल्ह्याच्या अरुंद होडीतून समुद्रात जाणं रत्नागिरीला परकं नाही. एका बाजूला लाकडी तरंड बांधलेली उलांडीची होडी ही इथलीच. दोन माणसं, वल्ही, दोऱ्यांचे वेटोळे आणि गऱ्या घेऊन ती पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात जात आली. लाट बाजूने आली तरी उलांडी होडीला सावरून धरते. फायबरच्या होड्या आणि बाहेरून लावायची इंजिनं आली तशी ती मागे पडली, पण तिच्यावर शिकलेली माणसं अजून आहेत.

समुद्रात मासेमारीसाठी वापरतात ती कयाक वर बसायची असते, खाडीतल्या सहलींची लहान कयाक नव्हे. लांबी बारा ते चौदा फूट, रुंदी अडीच फुटांच्या आसपास, वजन तीस किलोंच्या घरात. आत शिरलेलं पाणी आपोआप निघून जाण्यासाठी तिला भोकं असतात. उलटली तरी ती बुडत नाही, आणि शिकलेला माणूस पाण्यातून पुन्हा तिच्यावर चढू शकतो. पायाने पेडल मारून चालणाऱ्या कयाकही आहेत. हात मोकळे राहत असल्याने गळकऱ्यांना त्या आवडतात. गळ, वल्हं, चाकू, सगळं दोरीने होडीला बांधलेलं हवं. जीवरक्षक जाकीट अंगावर हवं, होडीत नव्हे.

सुरमईसाठी आमिष कसं लावतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. जिवंत बांगडा घेतात. एक गरी त्याच्या नाकाच्या हाडातून आरपार घालतात, म्हणजे तो पोहत राहतो. तिला वीतभर पोलादी तार जोडून दुसरी, तीन टोकांची गरी शेपटीजवळ पाठीत अलगद टोचतात. कारण सुरमई अख्खा मासा गिळत नाही. ती वेगात येते, शेपटीचा भाग कापून पुढे जाते आणि वळून उरलेला तुकडा उचलते. एकच गरी तोंडाशी असेल तर हातात अर्धा बांगडा येतो. तारेच्या जागी नुसतं तंगूस असेल तर तिचे दात ते सुरीसारखं कापतात. मग हे आमिष चाळीस-पन्नास मीटर मागे सोडून कयाक अगदी सावकाश वल्हवत न्यायची, बांगडा ओढला न जाता पोहत राहील इतक्याच गतीने. इथे इंजिनाच्या होडीपेक्षा वल्ह्याची होडी सरस ठरते, कारण पाण्यात आवाज नसतो आणि वेग हवा तेवढाच ठेवता येतो.

मासा होडीशी आला की खरी जोखीम सुरू होते. सुरमईचे दात, वागळीच्या शेपटीचा काटा, शिंगाळ्याचे कल्ल्यांमागचे काटे हे सगळं मांडीपासून वीतभर अंतरावर येतं. म्हणून पहिल्या फेरीला आलेल्या पाहुण्याने मासा होडीत घ्यायचाच नसतो. तो सोबतच्या माणसाने हाताळायचा.

मार्गदर्शक कोण?

या सगळ्या व्यवसायाचा कणा मार्गदर्शक आहे. कयाक विकत मिळते, रीळ विकत मिळतं. पाण्याखालचा खडक कुठे आहे, हे विकत मिळत नाही.

गरीवर मासे मारणारा खारवी, गाबित, दालदी किंवा भोई समाजातला माणूस हे ज्ञान डोक्यात वागवतो. रत्नदुर्गावरचं दीपगृह आणि मिऱ्या डोंगराचा एखादा कंगोरा असे दोन नेम एका रेषेत आणायचे, दुसऱ्या बाजूने आणखी दोन आणायचे, आणि दोन रेषा मिळतात तिथे दोर सोडायचा. किती वाव पाणी आहे, शिशाला चिकटून वर आलेला तळ वाळूचा की चिखलाचा, कोणत्या भांगाला कोणता मासा कुठे उभा असतो, हे त्याला जीपीएसच्या आधीपासून माहीत आहे. पाण्याचा रंग पाहून वारा फिरणार हे तो अर्धा तास आधी सांगतो. बाहेरून आलेल्या साहसी खेळाच्या प्रशिक्षकाला कयाक सरळ कशी करायची ते येतं, पण हे येत नाही. त्या प्रशिक्षकाने गरीवाल्याला कयाक शिकवावी, आणि मार्गदर्शकाचा बिल्ला गरीवाल्याच्या छातीवर असावा.

असं होऊ शकतं याचे दाखले कोकणातच आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पर्यटक गावातल्या घरांत राहतात, गावातली माणसंच घरटी राखतात आणि पिल्लं समुद्रात जाताना दाखवतात. वेंगुर्ल्यात स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः होडी वल्हवत कांदळवन सफारी चालवतात. मालवण-तारकर्लीला स्नॉर्कलिंग आणि स्कुबा उभं राहिलं ते बहुतांशी मच्छीमार घरांतल्या तरुणांच्या जोरावर; २०१५ साली पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीत स्कुबा प्रशिक्षणाची संस्था सुरू केल्यावर त्याला रीतसर शिक्षणाची जोड मिळाली.

रत्नागिरीकडे तर शिकवणारी संस्था आधीच आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली चालतं. झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रही त्याच विद्यापीठाचं. माशांची ओळख, मासा जिवंत सोडण्याची पद्धत, प्रथमोपचार, समुद्रातली सुटका असा अभ्यासक्रम इथे मराठीत उभा राहू शकतो.

परवाना आणि सुटका

मालवणच्या दाखल्याची दुसरी बाजूही डोळ्यांसमोर ठेवायला हवी. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. हंगामाचे शेवटचे दिवस, फुगलेला समुद्र आणि किनाऱ्याजवळची लाट हे एकत्र आलं की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं.

आजचं नियमन दोन खात्यांत विभागलेलं आहे. जलक्रीडांची परवानगी मेरीटाईम बोर्ड देतं आणि पावसाळ्यात त्या बंद ठेवतं. मासेमारीचं नियमन मत्स्यव्यवसाय विभागाकडे, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, राज्याची हद्द. हा कायदा धंद्याच्या मासेमारीसाठी आखला गेला. पैसे देऊन आलेला पाहुणा गळ टाकतो तेव्हा ती जलक्रीडा की मासेमारी, याचं उत्तर दोन्ही खात्यांनी एकत्र बसून द्यायला हवं. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर समुद्रातल्या प्रत्येक होडीवर सागरी पोलिसांची आणि तटरक्षक दलाची नजर असते. अनोळखी कयाक दूर पाण्यात दिसली तर चौकशी होणारच. निघण्याआधी नोंद करणं त्यामुळे पाहुण्याच्याही हिताचं.

सुरक्षेचे काही नियम वादाचे नसावेत. चार कयाकमागे इंजिनाची एक सोबतीण होडी, हाकेच्या अंतरात. किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरच्या पलीकडे नाही. भडक रंगाचा झेंडा, कारण ट्रॉलरच्या सुकाणूवरून पाण्यालगतची कयाक दिसत नाही. पाण्यात चालणारा व्हीएचएफ संच, सोळाव्या चॅनेलवर. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या तोंडपाठ. आणि उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढून दाखवल्याशिवाय कुणालाही खाडीच्या मुखाबाहेर न्यायचं नाही.

मासा राहिला तर

या साऱ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न माशांच्या साठ्याचा आहे, आणि रत्नागिरीत तो धगधगता आहे. मिरकरवाडा हे पर्ससीन मासेमारीचं मोठं केंद्र. पर्ससीनचं जाळं बांगडा-तारलीचा अख्खा थवा वेढून उचलतं, आणि थवा गेला की त्यामागे येणारी सुरमईही किनाऱ्याकडे फिरकत नाही. गरीवाला आणि रापणवाला वर्षानुवर्षं हेच सांगत आले. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा बांधला. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. २०२१ साली राज्याने कायदा दुरुस्त करून दंड लाखांत नेला. २०२५ च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोनने पाळत सुरू झाली. तरीही बेकायदा एलईडी आणि पर्ससीनच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

पर्ससीनच्या बोटींवरही रत्नागिरीचेच खलाशी पोट भरतात, हे विसरून चालणार नाही. म्हणून मागणी नेमकी असावी: किनाऱ्यालगतचा पट्टा हा गरी, रापण आणि वल्ह्याच्या होड्यांसाठी कायद्याने ज्या मर्यादेत राखलेला आहे, ती मर्यादा प्रत्यक्षात पाळली जावी. कयाकवर येणारा पाहुणा हा त्या पट्ट्याच्या बाजूने बोलणारा आणखी एक आवाज होऊ शकतो, कारण मासा नसेल तर तो येणारच नाही.

गळकऱ्यालाही शिस्त लागेल. २०२३ साली राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. सुरमईला ती ३७० मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासा परत पाण्यात. पांढऱ्या पापलेटला त्याच वर्षी राज्यमाशाचा मान मिळाला, तोही लहानपणीच जाळ्यात येऊन संपत चालल्याच्या चिंतेतूनच. वन्यजीव कायद्याने व्हेल शार्कला २००१ पासून संरक्षण आहे. काही शार्क, पाकट आणि महाकाय गोबरा यांनाही आहे. गरीला काय लागलं ते ओळखता आलं पाहिजे, आणि ते न दुखावता सोडता आलं पाहिजे. वळलेल्या टोकाची गरी माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात बसते, पोटात जात नाही. सोडलेला मासा जगण्याची शक्यता त्यामुळे वाढते. कोकणात पकडलेला मासा सोडणं अंगवळणी पडलेलं नाही. त्यामुळे पाहुण्याला जेवणापुरती एक सुरमई आणि बाकीच्या पाण्यात, असा नियम इथल्या माणसाला पटेल.

पैशाचा हिशेबही मांडायला हवा. २०२१ साली पालघरच्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळी मिळाल्या आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले, ही बातमी देशभर गाजली. असा दिवस क्वचित येतो, आणि त्या माशांची ती एकदाच झालेली विक्री असते. मार्गदर्शकाला पैसे मिळतात ते दिवसाचे आणि ज्ञानाचे. मासा लागला नाही तरी फेरीचे मिळतात, सोडला तरी मिळतात. पाहुणा गावात राहतो, जेवतो. पण हे गणित गावाच्या बाजूने तेव्हाच बसेल, जेव्हा परवाना मच्छीमार सहकारी सोसायट्यांच्या नावाने निघेल. बाहेरचा भांडवलदार कयाक आणून गावच्या तांडेलाला रोजंदारीवर ठेवू लागला, तर गरीवाल्याच्या हातात पुन्हा मजुरीच उरेल.

सुरुवात लहान असावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा एक हंगाम, आणि भाट्ये-मांडवीचा उपसागर, काळबादेवी-आरेची बाजू आणि जयगडचं मुख अशा तीन जागा. प्रत्येक जागी एका सोसायटीचे चार-पाच प्रशिक्षित मार्गदर्शक आणि एक सोबतीण होडी पुरे. पाहुणे रोज मोजकेच. प्रत्येक फेरीला वारा, पाण्याचा रंग, लागलेला मासा, त्याची लांबी, ठेवला की सोडला, अशी नोंद शिरगावच्या महाविद्यालयाकडे जावी. दोन-तीन हंगामांच्या नोंदी साचल्या की वल्ह्याच्या टप्प्यात सुरमई किती येते, कोणत्या भांगाला येते आणि वर्षागणिक वाढते की घटते, हे रत्नागिरीकडे आकड्यांत असेल. आणि पर्ससीनच्या मर्यादेवर पुढची बैठक बसेल तेव्हा गरीवाल्याला ते आकडे टेबलावर ठेवता येतील.